स्टेपनीला जागाच नसलेल्या गाडीत स्टेपनी कशी न्यायची? ईव्हीवाले, सीएनजीवाले, सगळ्यांनी लिहा

घाटवाट

मंडळी, गाडी छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक आहे, टायर १७५/६५ आर १४. डिकीतली फळी उचलली की जिथे एरवी स्टेपनीचा खड्डा असतो तिथे खाली बॅटरीचा भाग आलाय, त्यामुळे स्टेपनी नाहीच. कंपनी देते ते पंक्चर किट, म्हणजे सीलंटची एक बाटली आणि १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. जॅक नाही, पाना नाही.

पुण्यात फिरताना याचं काही वाटत नाही, दर दोन चौकांवर पंक्चरवाला आहे. पण आमचं गाव कणकवलीच्या आत, जाणं राधानगरी-फोंडा घाट मार्गे. गेल्या पावसाळ्यात घाट उतरून आत वळलो, समोरून एसटी आली म्हणून साइड दिली, साइडपट्टी खचलेली आणि कडेला जांभ्याचा फुटका चिरा पडलेला, पुढच्या डाव्या टायरची साइडवॉल चांगली दोन बोटं फाटली. सीलंट भरलं ते सगळं त्या फटीतून बाहेर. मोबाईलला रेंज नाही, गाडीत आई, तिला मधुमेह. एका दुचाकीवाल्या भल्या माणसाने मला पुढच्या नाक्यावर नेलं, तिथून आरएसएला, म्हणजे कंपनीच्या रस्त्यावरच्या मदतसेवेला फोन लागला, ते म्हणाले ईव्ही आहे तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर घेणारा ट्रकच लागेल आणि ती कोल्हापूरहून निघेल. रात्र तिथेच गेली.

तेव्हापासून ठरवलंय की गावाकडे जाताना पाचवं चाक बरोबर असणारच. न्यायचं की नाही हा वाद मला नकोय, कसं न्यायचं ते सांगा. कुठलं चाक घेऊ, गाडीत कुठे ठेवू, बांधू कसं आणि पोलिस किंवा आरटीओ काही म्हणणार तर नाहीत ना?

मेधा_सातारा

घाटवाट, वाचूनच कसंतरी झालं, आईंना बरोबर घेऊन अशी रात्र काढायची म्हणजे. तुम्ही वाद नको म्हणालात तरी एक सांगते. माझ्याकडेही बिनस्टेपनीची गाडी आहे, मी पट्टीचं किट ठेवते, सुळा आणि रीमरवालं, म्हणजे भोक साफ करून त्यात बाहेरूनच चिकट पट्टी कोंबायची. खिळा-स्क्रू असेल तर चाक न काढताच काम होतं, माझ्या नवऱ्यापेक्षा मला लवकर जमतं. बहुतेक पंक्चर खिळ्याचेच असतात, त्यासाठी चौदा-पंधरा किलोचं चाक वागवायची गरज नाही असं माझं मत. फाटलेल्या साइडवॉलला मात्र माझ्याकडेही उत्तर नाही.

मिरजेचा_टायरवाला

आमचं वडिलांपासून टायरचं दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण या सीलंटबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत.

बाटलीतलं सीलंट म्हणजे चिकट पातळ द्रव, लॅटेक्सचा असतो बहुतेक, आत फिरून भोकापाशी हवेच्या दाबाने साचतो आणि बुच बसतं. हे चालतं फक्त रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात आणि साधारण ६ मिमीपर्यंतच्या भोकाला. टायरच्या खांद्याला, म्हणजे पट्टा संपून कड सुरू होते तिथे भोक असेल, साइडवॉल कापली असेल, खड्ड्यात आपटून फुगा आला असेल, रिम वाकून कडेने हवा जात असेल, तर बाटली वाया. हवा गेलेल्या टायरवर थोडं जरी अंतर गाडी चालवली असेल ना, तर आतून साइडवॉलचं रबर किसून निघतं, दुकानात टायर उघडला की काळा भुसा हातात येतो, मग भोक छोटं असलं तरी तो टायर गेला समजा. हे मी गिऱ्हाइकाला हातात भुसा देऊन दाखवतो, नाहीतर त्यांना वाटतं टायर विकायला सांगतोय.

आणि सीलंट भरलं म्हणजे काम झालं नाही. भरल्यावर काही किलोमीटर चालवून परत हवा बघायची, ८० च्या वर पळवायची नाही आणि लवकरात लवकर दुकानात जायचं. दुकानदाराला आधी सांगा हो की आत सीलंट आहे, आम्ही टायर उघडतो आणि सगळं अंगावर येतं. ते धुवून पुसून मगच आतून मशरूम, म्हणजे छत्रीसारखं रबरी ठिगळ बसतं. बाटलीला एक्सपायरी असते, चार-पाच वर्षांत बदलावी लागते, आजवर एकानेही मला स्वतःहून विचारलेलं नाही.

मेधाताईंचं बरोबर आहे, खिळ्याला पट्टी उत्तम. पण घाटवाट यांचा टायर मी असतो तरी जोडला नसता. आडगावाला जाणाऱ्याने चाकच न्यावं, दुसरा इलाज नाही.

कायद्याचं_बोला

पोलिसांचं लिहितो. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. ड्रायव्हर धरून नऊ सीटपर्यंतची, साडेतीन टनांच्या आतली प्रवासी गाडी, ट्यूबलेस टायर, टीपीएमएस (टायरमधली हवा कमी झाली की सांगणारी यंत्रणा) आणि टायर दुरुस्तीचं किट एवढं असेल तर कंपनीने स्टेपनी दिली नाही तरी चालतं. ही कंपनीला दिलेली सूट आहे, तुम्हाला स्टेपनी बाळगायची बंदी नाही. डिकीतलं चाक म्हणजे सामान. फक्त मागे बाहेरून स्टँड लावून अडकवू नका, नंबर प्लेट किंवा मागचे दिवे झाकले की तुम्हाला थांबवायला रीतसर कारण मिळालं.

नट_बोल्ट

चाकणला सस्पेन्शनमध्ये काम करतो. चाक कुठलं घ्यायचं ते सांगतो, इथेच लोक फसतात.

सगळ्यात चांगलं म्हणजे त्याच मापाचं, त्याच गाडीचं चाक. तुमच्या गाडीचं पेट्रोलवर चालणारं भावंड असेल तर त्याची स्टीलची डिस्क, म्हणजे रिम, बहुतेक वेळा बसते, पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे. चार गोष्टी जुळायला पाहिजेत. एक पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांचा घेर, छोट्या गाड्यांत ४ गुणिले १०० खूप कॉमन आहे, म्हणून लोकांना वाटतं कुठल्याही गाडीचं कुठल्याही गाडीला बसेल. तसं नाही, कारण मधलं मोठं भोक, सेंटर बोअर, वेगळं असतं. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत ते ५४.१ मिमी आहे, होंडा सिटीत ५६.१, आणि हबपेक्षा, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्यापेक्षा, भोक लहान असेल तर चाक हबवर चढतच नाही, मोठं असेल तर चढतं पण मध्यावर बसत नाही. मग ऑफसेट, म्हणजे रिम हबवर किती आत-बाहेर बसते ते, तो चुकला तर टायर आत सस्पेन्शनला किंवा बाहेर फेंडरला घासणार. आणि चौथं म्हणजे ब्रेक, पुढच्या कॅलिपरला, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याला, आतून रिम लागते का. इंचाने लहान रिम घेतली की हे हमखास होतं.

आता उंची. १७५/६५ आर १४ म्हणजे १७५ चे ६५ टक्के ११३.७५, दुप्पट २२७.५, त्यात १४ इंचाचे ३५५.६ मिळवा, ५८३ मिमी व्यास. समजा घरी १६५/७० आर १४ पडलाय, त्याचा येतो ५८६.६, फरक अर्ध्या-पाऊण टक्क्याचा, तात्पुरता उत्तम. पण १६५/८० आर १४ उचलून आणलात तर ६१९.६, सहा टक्क्यांच्या वर फरक, हा नको. दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरली की तो फरक सांभाळणारं डिफरन्शियल एकसारखं काम करत राहतं, एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलला वाटतं चाक घसरतंय. ३ टक्क्यांच्या आत ठेवा. लोड इंडेक्सही बघा, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो तो आकडा, ईव्ही जड असते. १६५/७० चा ८१ म्हणजे ४६२ किलो, १७५/६५ चा ८२ म्हणजे ४७५ किलो. सावकाश जवळच्या दुकानापर्यंत चालेल, पण त्यावर गोव्याला जाऊ नका.

आणि चाक आणलं की त्याच दिवशी आपल्या पार्किंगमध्ये एकदा पुढे एकदा मागे लावून बघा, पुढे लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, चाक हाताने फिरवा, कुठे घासल्याचा आवाज येतो का ऐका. हे न करता डिकीत टाकलेलं चाक म्हणजे नुसतं वजन.

घाटवाट

नट_बोल्ट, कायद्याचं_बोला, मिरजकर, मनापासून आभार. चाकाचं कळलं. पेट्रोलवालीची स्टीलची डिस्क शोधतो. आता मुख्य अडचण जागेची. डिकी २४० लिटरच्या आसपास, चाक ५८ सेंटिमीटरचं. आडवं ठेवलं तर डिकी संपली, उभं ठेवलं तर ब्रेकला लोळतं. वरती कॅरियर टाकून त्यावर बांधलं तर?

बिनआवाजी_आबा

घाटवाट, मी निवृत्त झाल्यावर ईव्ही घेतली, आम्ही दोघं वर्षातून बऱ्याचदा दापोली आणि तिकडून खाली फिरतो. टपावर नको. एक तर कॅरियर आणि चाक दोन्हीमुळे वारा अडतो आणि आपल्या गाड्यांत त्याचा हिशोब थेट रेंजमध्ये दिसतो, हायवेला जास्तच. तेच चाक आत असेल तर रेंजला जाणवत सुद्धा नाही, साडेअकराशे किलोच्या गाडीत चौदा किलो म्हणजे काय, सव्वा टक्का. दुसरं म्हणजे टपावर ऊन. टायर वर्षभर उन्हात तापला की रबराला बारीक चिरा पडतात. आणि आमच्या वयाला ते टपावरून उतरवणं हेच एक संकट.

माझी पद्धत सांगतो. चाक आडवं ठेवतो, दर्शनी बाजू खाली, म्हणजे रिमची पोकळी वर येते. त्या पोकळीत जॅक, पाना, कॉम्प्रेसर, हातमोजे आणि एक जुनी चादर, सगळं बसतं. त्यावर १२ मिमीचं प्लायवूड कापून घेतलंय, डिकीच्या आकाराचं, सुताराकडून कडा गोल करून घेतल्या आणि वरून ताडपत्रीचं कापड ठोकलं. बॅगा त्या प्लायवर. डिकी चांगली वीतभर वर येते, उंच बॅगा बसत नाहीत, पण मऊ पिशव्या घेतल्या की भरपूर सामान राहतं. हिने सगळ्या कडक सुटकेस माळ्यावर टाकल्या.

बांधायला ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा, चाकाच्या मधून आणि रिमच्या भोकांतून ओवून डिकीतल्या कड्यांना.

नट_बोल्ट

आबा, पोकळीत सामान ठेवायची आयडिया झकास. पण बांधण्याबद्दल मला जरा जोर देऊन लिहायचंय, सगळ्यांनी वाचा.

ईव्हीच्या डिकीत फळीखाली ड्रिल मारू नका. कुणी गॅरेजवाला म्हणेल दोन भोकं पाडतो, बोल्ट टाकतो, मस्त पक्की बसेल. खाली बॅटरीचं आवरण आहे, हाय व्होल्टेज केबल जातात, कुठून जातात ते त्या गॅरेजवाल्याला माहीत नसतं. भोक पाडून बॅटरीत पाणी गेलं किंवा केबल जखमी झाली तर जीवावर बेतेल, वॉरंटी जाईल ती वेगळीच. सीएनजीवाल्यांनाही तेच, टाकीच्या ब्रॅकेटला काहीही जोडायचं नाही.

न बांधता ठेवलेल्या चाकाचं काय होतं त्याचा हिशोब करा. गाडी ५० च्या वेगाला कशावर तरी आदळली आणि साधारण ६० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी मंदन येतं १६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट. चौदा किलोच्या चाकाचा जोर सव्वादोनशे किलोचा, तो सरासरी, मधल्या एखाद्या क्षणी त्याहून बराच जास्त. आणि हे चाक सीटच्या पाठीपर्यंत मोकळं घसरत आलं तर वेग घेऊन धडकतं. युएनच्या रेग्युलेशन १७ मध्ये मागच्या सीटच्या पाठीची चाचणी असते, त्यात डिकीत १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून ५० च्या वेगाचा धक्का देतात आणि पाठ टिकते का बघतात. म्हणजे डिकीतल्या जड वस्तूने पुढच्या माणसाला इजा होते हे गृहीत धरूनच सीट बनवतात. पण ती पाठ लॉक असली तरच. ६०-४० सीटचा एक भाग पाडून तिथून चाक आडवं सरकवून नेणारे मी बघितलेत, त्यांच्या आणि चाकामध्ये काहीच उरत नाही.

तर चाक सीटच्या पाठीला अगदी चिकटून ठेवा, मध्ये फट नको, म्हणजे त्याला वेग घ्यायला जागाच नाही. मग पट्टा. डिकीत कंपनीने दिलेली सामान बांधायची कडी असतील तर तीच वापरा. पातळ पत्र्याला स्क्रूने लावलेले पिशवीचे हुक चालणार नाहीत, त्यांवर दोन-तीन किलो लिहिलेलं असतं. पट्ट्याच्या लेबलवर किती किलोचा आहे ते छापलेलं असतं, ५०० च्या खालचा घेऊ नका. कापडाची दोरी, सायकलचा रबरी पट्टा, ओढणी, यातलं काही नको, ब्रेकला चालेल, धडकेला नाही.

मेधा_सातारा

माझ्या डिकीत कडीच नाहीत. सीटच्या पाठीमागे लहान मुलांच्या सीटचा वरचा पट्टा लावायला लोखंडी कडं असतं, त्याला बांधलं तर चालेल का? ते तर मजबूत असतं.

नट_बोल्ट

मेधा, कडं मजबूत असतं खरं, पण ते सीटच्या पाठीतच बसवलेलं असतं बऱ्याच हॅचबॅकमध्ये. तिथे चाइल्ड सीट लावलेली असेल तर अजिबात नाही, मुलाचा पट्टा आणि चाक एकाच कड्यावर कधीच नको. सीट नसेल, तर चाक पाठीला चिकटवून त्याला बांधलेलं मोकळं ठेवण्यापेक्षा हजारपट बरं. आणि दोघंच जात असाल तर आणखी एक मार्ग आहे, मागच्या सीटवर चाक ठेवून सीटबेल्ट रिमच्या भोकातून काढून लॉक करायचा. खाली जुनी चादर. पायांच्या जागेत मात्र टाकू नका.

वेगमर्यादा_१२०

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे आणि मला ते कळकळीने सांगायचंय. माझं नागपूर-मुंबई येणं-जाणं समृद्धीवरून असतं. तिथे चाक फुटलं तर कडेला उभं राहून चाक बदलत बसू नका, हात जोडून सांगतो. मागून १२० ने गाड्या येतात, ट्रकवाल्याच्या डोळ्यावर झोप असते, उजवीकडचं चाक बदलताना माणूस अर्धा लेनमध्ये असतो. गाडी शक्य तितकी डावीकडे, हजार्ड, त्रिकोण मागे लांब, माणसं गाडीतून उतरून कठड्याच्या पलीकडे, आणि हेल्पलाइनला फोन. रिम गेली तर गेली, हळूहळू लोटत सुरक्षित जागेपर्यंत न्या. स्टेपनी असली की माणसाला वाटतं दहा मिनिटांचं काम आहे, तिथेच घात होतो.

आणि त्या रस्त्यावर स्टेपनीपेक्षा आधी टायर बघा. सरळ काँक्रीट, उन्हाळ्यात दुपारी, तासन् तास एका वेगाने, हवा कमी असलेला टायर तापतच जातो. आरटीओवाल्यांनी एंट्रीला टायर तपासायला सुरुवात केली ती उगीच नाही.

घाटवाट

वेगमर्यादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, एक्स्प्रेसवेला मीही फोनच करेन. पण माझा रस्ता वेगळा आहे दादा. तिथे मागून कुणी येतच नाही, तीच तर अडचण आहे.

सीएनजी_ठाणे

आम्हा सीएनजीवाल्यांचं दुखणं इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे स्टेपनी आहे पण नसल्यासारखी. बाहेरून किट बसवलं, ६० लिटरची टाकी डिकीत आडवी आली, बरोबर स्टेपनीच्या झाकणावर. पंक्चर झालं तर टाकी काढायची का? बसवणाऱ्याने आधी एका शब्दाने सांगितलं नाही. मी मग दुसऱ्याकडून स्टेपनी खड्ड्यातून काढून घेतली आणि टाकीच्या मागे उभी ठेवली, कारण आडवी ठेवायला जागाच नाही. तीन पिशव्या भाजी आली की डिकी भरते.

ज्यांना नवीन सीएनजी घ्यायचीय त्यांनी शोरूममध्ये डिकी उघडून, सेल्सवाल्याला समोर स्टेपनी बाहेर काढून दाखवायला सांगा. २०२३ पासून दोन छोट्या टाक्या फळीखाली बसवलेल्या गाड्या आल्यात, अल्ट्रोझमध्ये स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकवलीय. डिकी मोकळी राहते, पण पावसाळ्यात चिखलात झोपून ती उतरवावी लागणार, आणि खालून असल्यामुळे हवा बघायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

नट_बोल्ट, उभी स्टेपनी टाकीच्या ब्रॅकेटला नको म्हणालात, मग कुठे?

नट_बोल्ट

ताई, बाजूच्या भिंतीला, चाकाच्या कमानीजवळ कंपनीचं कडं असेल तर तिथे. नसेल तर अधिकृत सीएनजी फिटरकडून स्टेपनीचं वेगळं स्टँड मिळतं, ते बॉडीला मूळ भोकांतून बसतं, टाकीला हात लावत नाही. टाकीचा व्हॉल्व्ह आणि पाइप चाकाच्या वाटेत येत नाही ना एवढं बघा, आणि चाक व पाइपच्या मध्ये काही आपटणारं सामान ठेवू नका.

नेकारच्या_काठी

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, मूळचा सांगलीचा. इथे स्टेपनी नसणं हेच आता नेहमीचं झालंय. नवीन गाडीत बहुतेकदा सीलंटचं किट, आणि माझ्या आधीच्या गाडीत रनफ्लॅट टायर होते, म्हणजे हवा गेली तरी साइडवॉल इतकी जाड की ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येतं. पण तो टायर महाग, कडक, आणि तुमच्या कोकणातल्या खड्ड्यांत अंग मोडून निघेल.

इथल्या मराठी लोकांची एक सोय सांगतो. थंडीचे टायर वेगळे, त्यामुळे प्रत्येकाकडे रिमसकट दुसरी चार चाकं तळघरात असतात. उन्हाळ्यात आल्प्सला किंवा पोर्तुगालला लांब निघालो की त्यातलं एक डिकीत टाकतो. माप तेच, पीसीडी तीच, काही शोधायचं नाही. एक पिशवी मिळते जाड कापडाची, चाक झाकायला आणि उचलायला दोन कान, तीत घालून पट्ट्याने बांधतो. ८० च्या आत चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत, त्याहून जास्त अपेक्षा नाही.

मिरजेचा_टायरवाला

नेकारभाऊ, सांगलीचे म्हणजे आमच्या पलीकडचेच की! दुकानावर या एकदा.

घाटवाट, जुनी डिस्क घ्यायला कुर्ल्याला किंवा पुण्यात कुणाकडे गेलात तर एक करा. डिस्क बॅलन्सिंगच्या मशीनवर नुसती फिरवून बघायला सांगा. डोळ्याने सरळ वाटणारी डिस्क मशीनवर डुलते. कडेला हातोडीचे ठोके, वेल्डिंगचा डाग, ताजा काळा रंग दिसला तर घेऊ नका, रंग तडा लपवायलाच मारतात. टायर जुना घेणार असाल तर साइडवॉलवर चार आकडे बघा, २३२१ असेल तर २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही दिसू दे, सहा वर्षांच्या वरचा स्टेपनीला पण नको. वॉल्व्ह नवीन टाका, रबराचा काही फार खर्च नाही.

आणि हवा. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत दर दुसऱ्या स्टेपनीत हवा नसते हो. चार चाकांत भरता तेव्हा पाचव्यातही भरा, दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवा, लागेल तेव्हा काढता येते, भरता येत नाही. कुणाकडे स्पेस सेव्हर, म्हणजे तात्पुरतं वापरायचं अरुंद चाक असेल, आकड्याच्या आधी टी लिहिलेलं, त्यात ६० पीएसआय लागते, आपली नेहमीची ३२-३३ भरून ठेवली तर ते गाडीखाली दबून चपटं होतं.

फिरस्ती_अमरावती

जॅकचं कुणीच लिहिलं नाही? ईव्हीला खाली जॅक कुठेही लावून चालत नाही ना?

बिनआवाजी_आबा

अगदी योग्य विचारलंत. अजिबात चालत नाही. गाडीच्या कडेला दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या पट्टीत दोन खाचा असतात, त्यांच्या मध्येच जॅक. जरा आत सरकला की बॅटरीच्या आवरणाला लागतो. मी मॅन्युअलमधलं पान झेरॉक्स करून जॅकच्या पिशवीतच ठेवलंय आणि त्या चार जागांवर बाहेरून पांढऱ्या ऑइल पेंटचा टिळा लावलाय, रात्री टॉर्चच्या उजेडात लगेच सापडतो. जॅक घेताना गाडीच्या वजनाचा बघा आणि खाली ठेवायला एक फूटभर लांबीची जाड लाकडी फळी घ्या, कोकणातल्या ओल्या मातीत जॅक सरळ आत जातो, गाडी वर येतच नाही. बदलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला लावायला दोन लाकडी पाचरी. गाडी पार्किंगला आणि हँडब्रेक, नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच.

हिलाही एकदा अंगणात सगळं करून घ्यायला लावलं. पान्यावर पाय देऊन नट सुटतो हे कळल्यावर ती म्हणाली, एवढंच होय.

मेधा_सातारा

आबा, काकूंना नमस्कार सांगा! टिळ्याची युक्ती उद्याच करते.

एक विचारायचं होतं, दुसरं चाक लावल्यावर डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागून राहतो, ते नॉर्मल आहे का?

नट_बोल्ट

हो, स्टेपनीत सेन्सर नसतो म्हणून दिवा राहतो, आपलं चाक परत लावलं की थोडं चालवल्यावर जातो. काही गाड्यांत सेन्सरच नसतो, एबीएसकडून चाकाचे फेरे मोजून अंदाज बांधतात, तिथे मेन्यूत जाऊन रीसेट करावं लागतं. आणि स्पेस सेव्हर किंवा थोडं वेगळ्या मापाचं चाक असेल आणि पुढचं पंक्चर झालं असेल, तर कष्ट पडले तरी मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. आपल्या बहुतेक छोट्या ईव्हींचा जोर पुढच्या चाकांवर असतो, वळण आणि ब्रेकचं बरंचसं कामही तीच करतात. घाटात तर नक्कीच.

घाटवाट

मंडळी, काम झालं. पेट्रोलवालीची स्टीलची डिस्क मिळाली, मिरजकरांनी सांगितल्याप्रमाणे मशीनवर फिरवून घेतली, त्यावर नवीन १७५/६५ टाकला, चार हजारांच्या आसपास गेले टायरचे. पुढे-मागे लावून बघितलं, कुठेही घासत नाही. आडवं सीटला चिकटवून, वर आबांसारखं प्लाय, डिकीत दोन कडी होती त्यांना रॅचेट. आईची बॅग वर छान बसते. रोज शहरात फिरताना काढून ठेवतो, गावाला निघताना टाकतो.

एकच शंका राहिलीय. गाडीला अलॉय आहेत, ही डिस्क स्टीलची. तेच बोल्ट वापरायचे ना?

नट_बोल्ट

तपासल्याशिवाय नाही. बोल्टचं डोकं रिमच्या खळग्यात जिथे बसतं तो भाग काही गाड्यांत दोन्ही रिमना सारखा असतो, काहींत वेगळा. आणि स्टीलची डिस्क पातळ असल्यामुळे अलॉयचा लांब बोल्ट आत जास्त जातो, कधी मागे ब्रेकच्या भागाला टेकतो. चाक लावून हाताने बोल्ट फिरवा. मध्येच अडकला किंवा बसल्यावरही डोकं खळग्यात हललं तर स्टीलचा वेगळा संच घ्या. एम १२ गुणिले १.५ चा बोल्ट असेल तर हाताने कमीत कमी आठ पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. पार्किंगमध्ये लावून बघितलंत तेव्हा हाताने घट्ट केले होते की पान्याने?

घाटवाट

हातानेच लावले आधी, फेरे मोजले नव्हते. आत्ता खाली जाऊन मोजून आलो. नऊ गेले, डोकं खळग्यात पक्कं बसतं, चाक मोकळं फिरतं.

नट_बोल्ट

मग तेच बोल्ट चालतील. रस्त्यात कधी बदललंत तर घट्ट फुली पद्धतीने करा, समोरासमोरचे एकेक, आणि पन्नासेक किलोमीटरवर थांबून एकदा परत पाना लावा. पान्याच्या दांड्यावर उभं राहू नका, बोल्ट ताणला जातो. मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरचा आकडा दिलेला असतो, घरी आल्यावर मिरजकरांसारख्या कुणाकडून टॉर्क रेंचने, म्हणजे किती घट्ट केलं ते मोजणाऱ्या पान्याने, त्यावर लावून घ्या.